रहस्य माहीत असताना 'द डार्क नाइट'

चौकशीच्या खोलीत भरपूर मार खाल्ल्यावर जोकर दोन पत्ते सांगतो. सरकारी वकील हार्वी डेंट ५२व्या रस्त्यावर २५० क्रमांकाच्या जागी आहे, त्याची प्रेयसी रेचल सिसेरोजवळ अ‍ॅव्हेन्यू एक्सला. बॅटमॅन रेचलसाठी धावतो, गॉर्डन पोलिसांचा ताफा घेऊन दुसरीकडे. बॅटमॅन दार फोडून आत शिरतो तर समोर हार्वी. पत्ते उलटेच सांगितलेले असतात. २००८च्या जुलैमध्ये हा प्रसंग कुणालाच आधी माहीत नव्हता. आज तो जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. धक्का बसणारच नसेल, तर इथे पाहण्यासारखं काय उरतं?

माझ्या मते बरंच काही उरतं, फक्त ते वेगळ्या ठिकाणी सापडतं. पहिल्यांदा आपण बॅटमॅनबरोबर धावत असतो. पुन्हा पाहताना नजर हार्वीवर स्थिरावते. सुटायची धडपड करताना तो खुर्चीसकट आडवा पडतो, पिंप कलंडतं आणि चेहऱ्याची एक बाजू डिझेलमध्ये भिजते. पुढे अर्धाच चेहरा का जळतो, याचं कारण त्या गोंधळात शांतपणे सांगून झालेलं असतं. फोनवर तो रेचलला धीर देत राहतो, आणि बॅटमॅन आत येताच जिवाच्या आकांताने ओरडतो की माझ्याकडे का आलास. काय घडलं आहे, हे प्रेक्षकाच्या आधी त्याला कळलेलं असतं. त्याचं ते ओरडणं ऐकताना पुढचा सगळा हार्वी तिथेच दिसतो.

क्रिस्टोफर नोलनचा हा सिनेमा १५२ मिनिटांचा आहे आणि पहिल्या पाहण्यात तो वेगाने जिंकतो. पुन्हा पुन्हा पाहिला की तोच वेग अडचणीचा ठरू लागतो. जिथे सिनेमा इतका पळतो की दाखवायला किंवा विचार करायला थांबत नाही, तिथे तो विरतो. जिथे एखादी छोटी गोष्ट आधी पेरून ठेवली आहे आणि ती तासाभराने उगवते, तिथे तो पहिल्यापेक्षा घट्ट वाटतो. आणि अशी पेरणी सर्वांत जास्त हार्वी डेंटभोवती आहे. लोकांनी डोक्यावर घेतला तो जोकर, पण पुन्हा पाहताना सिनेमा उभा राहतो तो हार्वीच्या पाठीच्या कण्यावर.

त्याचं नाणंच घ्या. वडिलांचं नाणं म्हणून हार्वी ते कोर्टात उडवतो, आणि आपलं नशीब आपणच घडवतो असं म्हणतो. पुढे जोकरच्या एका माणसाला एकांतात नेऊन तो पिस्तूल रोखतो आणि नाणं उडवून त्याच्या जिवाचा सौदा करतो. बॅटमॅन येऊन थांबवतो, माणसाचं आयुष्य नशिबावर सोडणार का, असं विचारतो. हार्वी म्हणतो, तसं काही नव्हतं. पहिल्यांदा हे उत्तर कानावरून जातं. नंतर, पोलिसांच्या गाडीत चढताना तो नाणं रेचलकडे फेकतो आणि ती उलटून पाहते तेव्हा दोन्ही बाजूंना छापाच असतो. म्हणजे तो कधीच जुगार खेळत नव्हता. गोळी तो झाडणारच नव्हता. स्फोटानंतर ढिगाऱ्यात सापडलेल्या त्या नाण्याची एक बाजू करपलेली असते, बॅटमॅन ते हार्वीच्या उशाशी ठेवतो, आणि तिथून पुढे ते खरोखरच छापा-काटा करू लागतं. एका पात्राचा पूर्ण प्रवास एवढ्याशा वस्तूवर पेलणं सोपं नसतं. इथे ते पेललं आहे, आणि हे नीट दिसायला सिनेमा किमान दोनदा पाहावाच लागतो.

तसंच रामिरेझचं. सुरुवातीच्या भागात रात्री गच्चीवर, आकाशात बॅटमॅनची खूण पाडणाऱ्या दिव्यापाशी, ही पोलीस अधिकारी गॉर्डनला भेटते. गॉर्डन तिच्या आईची चौकशी करतो आणि ती सांगते की आईला पुन्हा रुग्णालयात दाखल केलंय. दोन वाक्यांचं संभाषण, कुणाच्याही लक्षात न राहणारं. पुढे हीच रामिरेझ रेचलला फोन करून फशी पाडते आणि कारण म्हणून आईच्या रुग्णालयाची बिलं सांगते. हार्वीने तर गॉर्डनला आधीच बजावलेलं असतं की तुझ्या पथकात नासके पोलीस आहेत. गॉर्डनचं उत्तर असतं की तू ज्यांची चौकशी केलीस त्या सगळ्यांना वगळलं तर मी एकटाच उरेन. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, आणि त्यातूनच रेचलचा जीव जातो. पहिल्यांदा ही दोन कर्तव्यदक्ष माणसांची कुरबुर वाटते. शेवट ठाऊक असताना ती ऐकवत नाही.

आता जोकर. हीथ लेजरला या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं. २२ जानेवारी २००८ रोजी, सिनेमा प्रदर्शित व्हायच्या सहा महिने आधी, त्याचं निधन झालं होतं. त्या बातमीची सावली पहिल्या पाहण्यावर होतीच. ती बाजूला ठेवूनही काम टिकतं का? टिकतं, आणि त्याचं कारण भडकपणा नाही. रुग्णालयात परिचारिकेच्या वेशात हार्वीच्या खाटेशी बसून जोकर म्हणतो, मी काय योजना आखणारा माणूस वाटतो? अनेकांनी हे वाक्य जोकरचं तत्त्वज्ञान म्हणून उचललं. पण नीट पाहिलं तर अख्ख्या सिनेमात त्याच्याइतका योजनाबद्ध माणूस दुसरा नाही. बँकेतल्या दरोड्यात प्रत्येक साथीदाराने कोणाला कधी मारायचं हे ठरलेलं असतं. स्वतःला अटक करवून घेणं, दुसऱ्या कैद्याच्या पोटात शिवलेला बॉम्ब, तो फोनने उडवणं, सगळं मिनिटामिनिटाला आखलेलं. काहींना ही पटकथेतली विसंगती वाटते. मला वाटत नाही. ओठांच्या व्रणांचे त्याने सांगितलेले दोन किस्से एकमेकांशी जुळत नाहीत, तसंच हेही खोटं आहे. खाटेवर पडलेल्या माणसाला या क्षणी काय ऐकायची गरज आहे ते ओळखून तो बोलतो.

सुरुवातीचा दरोडा तर माहिती असताना जास्तच रंगतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक माणूस पाठमोरा उभा आहे, हातात विदूषकाचा मुखवटा, खांदे किंचित झुकलेले. तोच जोकर आहे हे माहीत असलं की पुढची पाच-सहा मिनिटं आपण फक्त त्याच्याकडे पाहतो. सगळे साथीदार जोकरबद्दल बोलत असतात, तो मात्र जवळजवळ गप्पच.

गुंडांच्या बैठकीत जोकर एका माणसाचं डोकं उभ्या पेन्सिलवर आदळतो, ती करामत संगणकाने केलेली नाही. टेबलावर डोकं आदळायच्या क्षणी त्या कलाकाराने हात फिरवून पेन्सिल बाजूला घ्यायची, एवढंच. रक्ताचा थेंब दिसत नाही, कॅमेरा रेंगाळत नाही, आणि म्हणून ते कितीही वेळा पाहिलं तरी अंगावर येतं. रुग्णालयाच्या स्फोटाबद्दल मात्र एक दंतकथा वर्षानुवर्षं फिरते आहे: स्फोट मध्येच अडला आणि लेजरने रिमोटशी खेळून वेळ मारून नेली. तसं काही झालं नव्हतं. शिकागोतला ब्रॅक कंपनीचा जुना गोळ्या-चॉकलेटचा कारखाना खरोखर पाडायचा होता, तो एकदाच पडणार होता, आणि लेजरला बसमध्ये शिरायला वेळ मिळावा म्हणून मधला थांबा आधीच ठरवलेला होता. उत्स्फूर्त नव्हतं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. ठरलेल्या थांब्यात वैताग भरणं हाच अभिनय.

चौकशीच्या खोलीचा प्रसंग मी या सिनेमाचा मध्यबिंदू मानतो. सुरुवातीला जवळपास अंधार, टेबलावरच्या दिव्याचा उजेड जोकरच्या अर्ध्या तोंडावर, समोर गॉर्डन. गॉर्डन बाहेर पडतो, खोलीतले सगळे दिवे एकदम लागतात आणि जोकरच्या मागे बॅटमॅन उभा असतो. अंधारातून येणारा नायक इथे नितळ पांढऱ्या उजेडात उभा केला आहे, जिथे त्याचा पोशाख थोडा अवजड आणि केविलवाणा दिसतो. त्याचं मुख्य हत्यार, भीती, या उजेडात निकामी आहे हे जोकरला कळतं. हाणामारी वाढत जाते तसा बॅटमॅनच दुबळा होत जातो. दिवे कुठे आहेत एवढं लक्षात ठेवून हा प्रसंग पाहिला, तर संवादांकडे दुर्लक्ष करूनही तो समजतो.

आवाजाबद्दल कमी बोललं जातं. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड या दोघांचं संगीत आहे. जोकरसाठी झिमरने गुणगुणता येईल अशी धून केलीच नाही. चेलोवर ताणलेला एकच सूर, करकरत वर चढणारा, कानाला टोचेल इतका. चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर जोकर पडद्यावर दिसण्याआधीच त्याची चाहूल लागते. ध्वनिसंकलनासाठी रिचर्ड किंगला ऑस्कर मिळालं. बॅटमॅनच्या दुचाकीचा आवाज त्याने अशा रचनेवर बेतला की पट्टी सतत चढतेच आहे असा भास व्हावा: एक स्वर वरच्या टोकाला विरताना खालून दुसरा सुरू होतो. गिअर बदलल्यासारखं कधी वाटतच नाही.

मग विरतं काय? पहिलं, ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्याच, घरातली मेजवानी. जोकर रेचलला खिडकीबाहेर फेकतो, बॅटमॅन मागोमाग उडी घेतो, दोघं खाली मोटारीवर आदळतात आणि तिथेच प्रसंग तोडला आहे. वर जोकर, त्याची माणसं आणि घरभर पाहुणे तसेच. हार्वी तिथेच लपवलेला आहे आणि जोकर त्यालाच शोधत आलेला. पुढे काय झालं? सिनेमा एका शब्दानेही सांगत नाही. पहिल्यांदा पुढच्या दृश्याने आपल्याला ओढून नेलेलं असतं. पुन्हा पाहताना ही पोकळी डोळ्यांत खुपते, आणि तिचं समर्थन मला तरी करता येत नाही.

दुसरं, जमिनीखालच्या रस्त्यावरचा पाठलाग. शिकागोतल्या लोअर वॅकर ड्राइव्हवर तो चित्रित झाला. मोठ्या भागात पार्श्वसंगीत नाही, नुसते इंजिनांचे आणि पत्र्याचे आवाज, आणि हा निर्णय फार चांगला आहे. गोंधळ आहे तो दिशेचा. पाठलागात कॅमेरा रस्त्याच्या एकाच बाजूला राहावा असा साधा नियम असतो, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी पुढच्या शॉटमध्येही उजवीकडेच जाते आणि कोण कोणाच्या मागे हे डोक्यात पक्कं राहतं. नियम मोडायचा तर मध्ये सरळ समोरून किंवा मागून घेतलेला एखादा शॉट टाकून बाजू बदलतात. इथे ती रेषा पुन्हा पुन्हा ओलांडली आहे. कचऱ्याचा ट्रक नक्की कुठून आला, जोकरचा ट्रेलर कैद्यांच्या गाडीच्या कोणत्या अंगाला आहे, हे चित्र थांबवून तपासलं तर सांगता येत नाही. संकलक ली स्मिथने वेग राखला, पण नकाशा हरवला. आणखी एक गोष्ट तिथेच घडते: बॅटमॅनची चिलखती गाडी समोरून येणाऱ्या कचऱ्याच्या ट्रकखाली घुसून त्याला छतावर आपटते. चालक वाचला असेल असं मानणं अवघड आहे. जीव न घेण्याचा नियम पाळणाऱ्या नायकाच्या बाबतीत सिनेमाने इकडे पाहिलंच नाही.

वर रस्त्यावर आल्यावर मात्र सगळं स्वच्छ होतं. ला साल स्ट्रीटवर उलटणारा ट्रेलर खराखुरा आहे. ख्रिस कॉर्बोल्डच्या पथकाने ट्रेलरच्या पोटाखाली जोर लावणारी यंत्रणा बसवली, आणि तो भर शहरात, दोन्ही बाजूंना बँकांच्या इमारती असलेल्या रस्त्यावर, नाकावर उभा राहून पालथा पडला. शॉट लांबून आणि सलग आहे. वजन कसं तोललं जातं, क्षणभर कसं थबकतं, मग कसं कोसळतं, हे सगळं दिसतं. खाली जे हरवलं होतं ते इथे शंभर टक्के सापडतं, म्हणून हे दोन तुकडे एकामागोमाग पाहणं चित्रपट शिकणाऱ्याने चुकवू नये.

तिसरं, गोळी झाडणाऱ्याचा माग काढायला भिंतीतली वीट कापून आणून, तशाच विटांवर गोळ्या झाडून, फुटलेल्या गोळीवरून अंगठ्याचा ठसा उभा करण्याचा प्रकार तर्काला धरून नाही. काडतूस भरताना बोट लागतं ते बहुतेक पितळेच्या कोशाला, आणि कोश बंदुकीजवळच पडतो. गोळीला ठसा लागलाच तरी नळीतल्या आट्यांमधून घासत जाऊन विटेत चुरा झाल्यावर त्यातलं काय उरणार? हाँगकाँगचा भागही पुन्हा पाहताना लांबल्यासारखा वाटतो; उंच इमारतीच्या कठड्यावर उभा असलेला बॅटमॅन सोडला तर तो पुढे ढकलावासा वाटतो.

तो कठडा पाहायचा तर कोणत्या प्रतीत पाहायचा, हे महत्त्वाचं आहे. मोठ्या व्यावसायिक कथापटात काही भाग आयमॅक्स कॅमेऱ्याने टिपण्याचा हा पहिला प्रयोग, साधारण २८ मिनिटांचा. त्या कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह आडवी धावते, एका चौकटीला १५ छिद्रं. हजार फुटांचं रीळ तीनएक मिनिटांत संपतं, आणि यंत्राचा आवाज इतका की शेजारी कुजबुजता संवाद टिपणं कठीण. म्हणून दरोडा, हाँगकाँग, पाठलाग अशाच ठिकाणी तो वापरला. छायालेखक वॉली फिस्टरने टिपलेल्या या दृश्यांत चौकट उंच होते. ब्लू-रे आणि फोरके डिस्कवर या दृश्यांत वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या नाहीशा होऊन पडदा भरतो. ऑनलाइन मिळणाऱ्या प्रतीत बहुधा सगळा सिनेमा एकाच रुंद पट्टीत असतो, म्हणजे आयमॅक्स दृश्यांचं आकाश आणि जमीन कापलेली. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्याच शॉटमध्ये, काचेची इमारत जवळ येत असताना, काळ्या पट्ट्या दिसल्या तर ती कापलेली प्रत. पुन्हा पाहायचाच तर डिस्क मिळवावी.

दोन बोटींचा प्रसंग पाहताना माझं मत दर वेळी डळमळतं. एका बोटीत कैदी, दुसऱ्या बोटीत सामान्य नागरिक, प्रत्येकाकडे दुसऱ्या बोटीच्या स्फोटकांचा रिमोट, मुदत मध्यरात्रीची. पहिल्यांदा लक्षात राहतो तो धिप्पाड कैदी, जो अधिकाऱ्याकडून रिमोट मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकतो. नागरिकांच्या बोटीवर मात्र चिठ्ठ्या टाकून मतदान होतं आणि निकाल वाचून दाखवला जातो: विरोधात १४०, बाजूने ३९६. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश माणसांनी दुसरी बोट उडवण्याच्या बाजूने मत दिलं. मग एकजण बटण दाबायला पुढे येतो आणि त्याला ते जमत नाही. मत देणं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबणं यांच्यातलं अंतर, हा या प्रसंगाचा खरा विषय आहे आणि तो फार मोठा आहे. पण दोनच मिनिटांनी बॅटमॅन जोकरला सांगतो की या शहराने चांगुलपणावरचा विश्वास सिद्ध केला. त्या ३९६ चिठ्ठ्यांचं काय, हे ना तो विचारतो ना सिनेमा. पटकथेने स्वतःच मांडलेला आकडा स्वतःच विसरावा, याचं मला वाईट वाटतं, कारण जोनाथन आणि क्रिस्टोफर नोलन या भावांनी इतरत्र सहसा धागे सोडलेले नाहीत.

त्याच वेळी एका इमारतीच्या वरच्या मजल्यांवर चाललेली मारामारी तर आणखी कच्ची. शहरातल्या सगळ्या फोनमधून चित्र उभं करणारं यंत्र बॅटमॅनच्या डोळ्यांपुढे निळसर आकृत्या नाचवतं आणि कोण ओलीस, कोण गुंड हे त्याच्याइतकंच आपल्यालाही कळेनासं होतं. यंत्रामागची कल्पना मात्र पक्की आहे. पूर्वी जेवणाच्या टेबलावर हार्वी रोमन लोकांचा दाखला देतो: शत्रू दाराशी आला की ते लोकशाही थांबवून एकाच माणसाकडे सत्ता द्यायचे. रेचल आठवण करून देते की शेवटचा असा माणूस सीझर होता आणि त्याने सत्ता सोडली नाही. बॅटमॅन ही सत्ता घेतो आणि आपल्या कंपनीचा प्रमुख लूशियस फॉक्स याच्या हातून मोडूनही टाकतो. टेबलावरच्या गप्पांचं उत्तर दोनएक तासांनी मिळतं.

रेचलच्या बाबतीत अशी भरपाई नाही. मॅगी जिलेनहॉलने तिला बुद्धी आणि स्वतःचं मत दिलं, पण पटकथेने तिला मारलं ते दोन पुरुषांना वळण देण्यासाठी. आणि ज्या हार्वीवर सिनेमा उभा आहे, त्याचा सूडाचा प्रवास शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात, बोटी आणि मारामारीच्या मध्ये जागा मिळेल तिथे कोंबला आहे. जोकरला बॅटमॅन दोरीने वर ओढतो, त्याचा जीव वाचवतो. हार्वीला मात्र तो धडक देतो, हार्वी खाली पडून मरतो, आणि ज्या नियमावर दोन तास चर्चा झाली तो मोडल्याबद्दल कुणी एक श्वासही थांबत नाही. आरन एकहार्टने जळक्या चेहऱ्यातून जे केलं आहे ते पाहता या भागाला आणखी वीस मिनिटं मिळायला हवी होती.

शेवटच्या दोन मिनिटांत तीन कृती एकत्र गुंफल्या आहेत. ब्रूसचा जुना सेवक आल्फ्रेड रेचलचं पत्र जाळतो, म्हणजे ती हार्वीशी लग्न करणार होती हे ब्रूसला कळू नये. फॉक्स यंत्रात स्वतःचं नाव टाइप करतो आणि ते नष्ट होतं. गॉर्डन कुऱ्हाडीने गच्चीवरचा दिवा फोडतो, आणि हार्वीने केलेले खून बॅटमॅनच्या नावावर चढतात. पहिल्यांदा झिमरच्या संगीताने ऊर भरून येतो. पुन्हा पाहताना लक्षात येतं की ही सगळी मालिका लपवालपवीची आहे, आणि ती नवी नाही: गॉर्डनने मेल्याचं सोंग केलं तेव्हा त्याच्या बायकोला आणि मुलांनाही खरं सांगितलं नव्हतं, हार्वीने मीच बॅटमॅन म्हणून जाहीर केलं होतं. चांगली माणसं चांगल्या हेतूने लोकांपासून सत्य लपवतात, हेच या सिनेमाचं सूत्र आहे, आणि लपवणं बरोबर की चूक याचा निकाल तो शेवटी घाईने बरोबरच्या बाजूने देऊन टाकतो. २०१२च्या 'द डार्क नाइट राइजेस'मध्ये आठ वर्षांनंतरचं शहर दिसतं. हार्वीच्या नावाच्या कायद्याखाली कैद्यांना पॅरोल नाकारलेला असतो, आणि खलनायक बेन तुरुंगासमोर गॉर्डनचंच कबुलीपत्र वाचून दाखवतो. तिथे हा हिशेब चुकता करायचा प्रयत्न आहे. पण 'द डार्क नाइट' स्वतःच्या चौकटीत तो अर्धाच ठेवतो, आणि दर वेळी पाहताना माझा वाद होतो तो याच ठिकाणी.